बार्शी लाईट: १९५४ साली सरकारने घेतली ते बरे झाले का?

सीनाकाठ

मंडळी, कुर्डुवाडीहून बार्शी-लातूरकडे किंवा पंढरपूर-मिरजेकडे ब्रॉडगेजच्या गाडीने जाताना फार थोड्यांच्या ध्यानात असतं, की हे सगळं जाळं १९५३ संपेपर्यंत लंडनमध्ये नोंदलेल्या एका खाजगी कंपनीच्या मालकीचं होतं. बार्शी लाईट रेल्वे कंपनी. १ जानेवारी १९५४ रोजी भारत सरकारने ती विकत घेतली आणि मध्य रेल्वेला जोडली.

नव्यांसाठी थोडी हकीकत. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेने १८५९-६० मध्ये सोलापूरकडे रूळ नेले ते बार्शीला बगल देऊन. बार्शी तेव्हा मोठी पेठ होती. निजामाच्या मुलखातला कापूस आणि गळिताचं धान्य बार्शीत उतरायचं आणि तिथून बैलगाड्यांनी २१ मैलांवरच्या बार्शी रोड स्टेशनला जायचं. हे बार्शी रोड म्हणजे आजचं कुर्डुवाडी. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा इंग्रज इंजिनिअर १८८२ साली जीआयपीत नोकरीला आला. या २१ मैलांसाठी मोठे रूळ परवडत नसतील तर छोटे टाकू, ही कल्पना त्याने डोक्यात घेतली आणि तडीस नेली. १८९५ मध्ये लंडनला कंपनी स्थापन झाली, मार्च १८९७ मध्ये बार्शीला गाडी आली. रुळांमधलं अंतर २ फूट ६ इंच. पुढे १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर, १९२७ ला मिरज. एकूण २०२ मैल, म्हणजे सव्वातीनशे किलोमीटर.

माझा प्रश्न असा. सरकारने घेतली यात गैर काहीच नव्हतं, पण घेतल्यानंतर जवळजवळ अर्धं शतक ती छोट्या रुळांवरच ठेवली. मग राष्ट्रीयीकरणाने आपल्या भागाला नेमकं काय मिळालं? माझं मत: मालक बदलला, गाडी तीच राहिली, आणि त्यात सोलापूर-लातूरकडचा व्यापार मागे पडला. तुमच्याकडे काय आठवणी, काय माहिती आहे?

मांजराकाठ

सीनाकाठ, विषय काढलात ते फार बरं झालं. आमची लातूरला पिढीजात आडत. त्यामुळे बार्शी लाईट म्हटलं की घरात प्रवासाच्या नव्हे, तुटीच्या गोष्टी निघायच्या.

लातूरहून तुरीची पोती छोट्या वाघिणीत भरायची. कुर्डुवाडीला रूळ बदलतात, म्हणून तिथे सगळा माल उतरवून मोठ्या वाघिणीत चढवायचा. हमाल पोत्याला लोखंडी आकडा मारून ओढणार, गोणपाटाला भोक पडणार, दाणे सांडणार. एक पोतं दोनदा उतरलं-चढलं की काट्यावर वजन कमी भरणारच. ही तूट कोणाच्या खात्यावर टाकायची यावरून मुंबईचा दलाल आणि लातूरचा आडत्या यांची पत्रापत्री चालायची. आजोबांच्या बस्त्यात अशी पत्रं अजून आहेत. बहुतेक पत्रांचा मजकूर एकच: माल पोचला, वजन भरलं नाही.

म्हणून ट्रक परवडायला लागले तसा व्यापारी गाडी सोडून गेला. ट्रकचं भाडं जास्त असलं तरी पोतं लातूरला शिवलं ते थेट मुंबईच्या भातबाजारात उघडायचं. सरकारने १९६०-६५ मध्ये रूळ रुंद केले असते तर लातूरचं चित्र वेगळं दिसलं असतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पेठेतला_प्रवासी

आमचे एक मामा बार्शीचे. ते सांगायचे, गाडी घाटात इतकी हळू चढायची की पुढच्या डब्यातून उतरून, बोरं तोडून मागच्या डब्यात चढता यायचं. :)

बार्शीकर

पेठेतले, ही बोरं महाराष्ट्रातल्या प्रत्येक छोट्या गाडीच्या वाटेवर तोडली गेली आहेत. माथेरानवाले सांगतात, अचलपूरवाले सांगतात, आम्हीही सांगतो. एवढी बोरं होती तर आम्ही बोरांचाच व्यापार केला असता की!

बाकी 'बार्शी तेथे सरशी' म्हणतात ते गाडीच्या आधीपासूनचं. गाडी बार्शीला आली कारण बार्शी मोठी होती, हे लक्षात घ्या.

रूळमोजणी

हळू गाडी म्हणून थट्टा करण्याआधी कॅलथ्रॉपने काय केलं होतं ते एकदा नीट बघा. मी स्थापत्याचा माणूस, मला या रेल्वेबद्दल मनापासून आदर आहे.

त्याचा सगळा हिशोब एका आकड्यावर उभा होता: कुठल्याही एका आसावर (ॲक्सलवर) ५ टनांपेक्षा जास्त भार येता कामा नये. इंजिन असो, मालाची वाघीण असो की प्रवासी डबा, सगळ्यांना हीच मर्यादा. हे एकदा ठरलं की रूळ फक्त ३० पौंड प्रतियार्ड वजनाचे चालतात, म्हणजे मीटरला जेमतेम १५ किलो. आज ब्रॉडगेजला मीटरला ६० किलोचे रूळ टाकतात. रूळ हलका म्हणजे पूल हलके, भराव कमी, आणि रुळांमधलं अंतर कमी म्हणून वळणंही आवळता येतात.

आता अडचण अशी, की इंजिन हलकं केलं तर ते ओढणार काय? त्याने आसांची संख्या वाढवली. लीड्सच्या किटसन कंपनीने बार्शीसाठी जी इंजिनं बांधली त्यांना एकमेकांना जोडलेले चार चालते आस होते आणि मागे भार उचलायला आणखी दोन. चार आस गुणिले पाच टन म्हणजे २० टन वजन रुळाला चिकटून ओढतं, आणि रुळावर मात्र कुठेही पाचाच्या वर भार नाही. डब्यांच्या चौकटीही त्याने पोलादी पत्रा दाबून करून घेतल्या, म्हणजे डबा हलका आणि माल जास्त.

हे सगळं सामान हिंदुस्थानात पाठवण्याआधी लीड्सजवळ न्यूले इथे मुद्दाम रूळ टाकून इंजिनिअर आणि लष्करी अधिकाऱ्यांसमोर चालवून दाखवलं होतं. म्हणजे बार्शीची गाडी आधी विलायतेत धावली! त्या काळी जगात कुठे छोटी रेल्वे बांधायची म्हटली की बार्शीचा दाखला दिला जायचा. इंग्लंडात स्टॅफर्डशायरमधली लीक अँड मॅनिफोल्ड व्हॅली ही छोटी रेल्वे कॅलथ्रॉपनेच बार्शीच्या धर्तीवर बांधली, १९०४ साली. बार्शीचं तिथे गेलं, हे आपल्याकडे कोणी सांगत नाही.

वऱ्हाडी_बोंड

वाचून लय बरं वाटलं. पण भाऊ, तुमची १९५४ ले तरी घेतली. आमची शकुंतला अजून इंग्रजांचीच हाय नं! यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर. सरकार दरसाल कोट्यवधी रुपये लंडनले पाठवते, असं व्हॉट्सअपवर फिरते. भारतातली एकमेव परकी रेल्वे म्हणे. कापसासाठी टाकली अन् कापूस मँचेस्टरले नेला. आता तं गाडीबी बंद.

हिशेबनीस

वऱ्हाडी_बोंड, शकुंतलेबद्दलचा तो निरोप मलाही दर १५ ऑगस्टला येतो. त्यातलं अर्धं खरं आहे.

खरं ते असं, की ती रेल्वे सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनी या खाजगी कंपनीची. १९५१-५२ च्या सुमारास रेल्वेची पुनर्रचना झाली तेव्हा ती सरकारच्या मालकीत गेली नाही. गाडी चालवायची आधी जीआयपी, नंतर मध्य रेल्वे, आणि उत्पन्नातला वाटा कंपनीला. पण ही कंपनी चालवणारी किलिक निक्सन ही मुंबईतली मॅनेजिंग एजन्सी. १८५७ मध्ये इंग्रजांनी काढलेली, स्वातंत्र्यानंतर भारतीय मालकांकडे आलेली. तेव्हा पैसे लंडनच्या राणीला जातात वगैरे सोडून द्या. खाजगी मालकी आणि परकी मालकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बार्शी लाईट मात्र सरळसरळ परकी होती. भांडवल तिकडचं, संचालक मंडळ तिकडे, नफ्याची वाटणी तिकडे. पण सीनाकाठ, तुमच्या प्रश्नाकडे येण्याआधी एक फरक समजून घ्यायला हवा. जीआयपीसारख्या जुन्या कंपन्यांना सरकारने ५ टक्के व्याजाची हमी दिली होती. गाडीला तोटा झाला तरी भागधारकाला पाच टक्के मिळणार, आणि ते भरणार इथला करदाता. या हमीवर दादाभाई नौरोजींपासून सगळ्यांनी टीका केली ती रास्तच होती. हमी असल्यावर खर्च आवरायचा कशाला?

बार्शीला अशी हमी नव्हती. त्यामुळे रूळमोजणींनी सांगितलेला तो ५ टनांचा हिशोब ही हौस नव्हती, जगण्याची गरज होती. वाहतूक मिळाली तरच पैसा. तरीही कंपनी पंढरपूर, लातूर, मिरज अशी वाढत गेली, याचा अर्थ धंदा चालत होता.

आणि कालक्रम बघा. जीआयपी सरकारने १९०० साली विकत घेतली, कारभार मात्र कंपनीकडेच ठेवला. तो १९२५ मध्ये काढून घेतला. बीबीसीआय (बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया) १९४२, मद्रास अँड सदर्न मराठा १९४४, बंगाल नागपूर १९४४. मोठ्या कंपन्या इंग्रज सरकारनेच स्वातंत्र्याआधी ताब्यात घेतल्या होत्या. बार्शी लाईट स्वतंत्र भारताच्या वाट्याला आली, प्रजासत्ताक झाल्यावर चार वर्षांनी.

माणदेशी

हिशेबनीस, तुमचा हिशोब बरोबर आहे, पण त्यातून कंपनी फार सज्जन होती असा अर्थ निघतोय तो मला मान्य नाही. सोलापूर जिल्हा १८९६-९७ च्या दुष्काळात होरपळत होता आणि त्याच वेळी, मार्च ९७ मध्ये, बार्शीची गाडी सुरू झाली. तिचा मुख्य माल काय? कापूस आणि धान्य, दोन्ही बाहेर जाणारं. शेतकऱ्याच्या पोटात काय राहिलं हे कंपनीच्या वहीत लिहिलेलं नसतं.

हिशेबनीस

माणदेशी, सज्जन म्हटलेलं नाही. हमीवर जगणाऱ्यांपेक्षा काटकसरी होती, एवढंच. धान्य बाहेर जातं तसं दुष्काळात आतही येतं. कुठल्या दिशेने जास्त गेलं हे भाव ठरवतो, आणि ज्याच्या गाठीला पैसा नाही त्याच्या गावाकडे धान्याची वाघीण वळत नाही. तिथे तुमचा मुद्दा खरा आहे. पण तो दोष रुळांच्या मालकापेक्षा राज्यकर्त्यांच्या धोरणावर जास्त जातो.

माणदेशी

राज्यकर्ते आणि मालक एकाच गावचे होते साहेब. यावर आपलं जमणार नाही. पुढे चला.

कुर्डू_लोको

आता आमचं ऐका. आमचे आजोबा कुर्डुवाडी वर्कशॉपला फिटर. कंपनीच्या काळात लागले आणि मध्य रेल्वेतून निवृत्त झाले. म्हणजे १९५४ चा सांधा त्यांच्या नोकरीच्या मधोमध आला.

त्यांना विचारलं की काय बदललं, तर साहेबाचं नाव ते नंतर सांगायचे. आधी पास सांगायचे. कंपनीत होता तोवर पास चालायचा तो आपल्या २०२ मैलांत. मिरज ते लातूर, झालं. मध्य रेल्वेचे झाल्यावर आजी पहिल्यांदा काशीला गेली. दुसरी गोष्ट बदल्यांची. कंपनीचा माणूस कुर्डुवाडीत जन्मला की कुर्डुवाडीतच खपायचा. नंतर शेजारच्या क्वार्टरमधले भुसावळला गेले, कोणी झाशीला. काहींना ते आवडलं, काहींनी चुलीवरचा तवा उतरवावा तसा संसार उतरवला आणि रडत गेले. तिसरी, ज्याला आजोबा सगळ्यात मोठी मानायचे: वरिष्ठता. कंपनीतली नोकरीची वर्षं सरकारी नोकरीत कशी धरायची यावर युनियनने बराच झगडा केला. तुम्ही रूळ आणि नफा मोजता, आमच्या घरात राष्ट्रीयीकरण म्हणजे हे.

वर्कशॉपबद्दल एक सांगतो. माथेरानच्या गाडीचे डबे दुरुस्तीला कुर्डुवाडीलाच यायचे. ट्रकवर लादून आणलेला तो चिमुकला डबा आमच्या शेडमध्ये उभा राहिला की शाळेतून पोरं बघायला यायची. खिडकीच्या चौकटीला रंधा मारण्यापासून ब्रेकचे लाकडी ठोकळे बसवण्यापर्यंतची कामं जुने कारागीर करायचे. छोट्या रुळांची ही विद्या महाराष्ट्रात टिकली ती कुर्डुवाडीत, आणि ती कंपनीच्या काळापासून आलेली. सरकारने वर्कशॉप बंद केलं नाही, हे सीनाकाठ तुमच्या हिशोबात जमेला धरा.

सीनाकाठ

कुर्डू_लोको, पासाचं वाचून अंगावर काटा आला. हे जमेला धरलंच पाहिजे.

आषाढीची_गर्दी

सगळे कापूस आणि तूर बोलताय, पण पंढरपूरचं काय? कंपनीने १९०६ ला पंढरपूरला गाडी नेली ती विठ्ठलासाठी. म्हणजे विठ्ठलाकडे येणाऱ्यांच्या तिकिटांसाठी म्हणा. :) पालखीबरोबर चालत जाणारे वेगळे, पण चालणं ज्यांना झेपत नव्हतं, म्हातारीकोतारी, लेकुरवाळ्या, परतीला पाय उचलत नाहीत असे सगळे या गाडीने यायचे-जायचे.

आई लहानपणी गेली होती मोडनिंबहून. यात्रेला डबे पुरत नसत म्हणून मालाच्या वाघिणी झाडून माणसांना द्यायचे. तिला आठवतं ते असं: वाघिणीच्या तळाशी ज्वारीचे दाणे आणि कापसाची बोंडकं, त्यावर कोणीतरी घोंगडं अंथरलेलं, बायकांच्या डोक्यावर तुळशी. दार उघडंच. एक म्हातारबुवा दारात पाय सोडून बसलेले आणि अभंग चालू. आष्टीला गाडी थांबली तेव्हा खालची माणसं वाघिणीत पाण्याच्या घागरी चढवून देत होती, कोण कुणाचं हे न विचारता.

तेव्हा हळू गाडी वगैरे ठीक आहे, पण या गाडीने लाखो माणसं विठ्ठलापुढे उभी केली, याचा मान तिला द्या.

मांडवीतीर

गोव्याहून राम राम. तुमच्या धाग्यात आमची रेल्वे बसते की नाही बघा. मुरगावहून कॅसलरॉकपर्यंत मीटरगेज. मुलूख पोर्तुगिजांचा, कंपनी इंग्रजांची, हमी पोर्तुगीज सरकारची! १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारातून ती निघाली. १८८७ मध्ये सावर्डेपर्यंत आणि १८८८ मध्ये घाट चढून हद्दीपर्यंत. गाडी चालवायला पुढे सदर्न मराठा रेल्वेकडे दिली. म्हणजे आमच्या एकाच रुळावर तीन धनी. १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि त्यानंतर ती भारतीय रेल्वेत आली. दूधसागरचा फोटो काढताना हे कोणाला आठवत नाही.

गोदाकाठ

मांडवीतीर, तीन धन्यांची गोष्ट आमच्याकडेही आहे. निजामाची गॅरंटीड रेल्वे! मराठवाड्यातले लोक अजून निजामाची रेल्वे म्हणतात, पण ती बराच काळ लंडनच्या कंपनीची होती. नाव निजामाचं, व्याजाची हमी निजामाच्या तिजोरीतून, भागधारक विलायतेतले. या व्यवहाराविरुद्ध, ज्याला तेव्हा चांदा रेल्वे योजना म्हणत, हैदराबादेत १८८३ साली लोक बोलले आणि त्यात पुढे असलेल्या अघोरनाथ चट्टोपाध्याय यांना हद्दपार केलं. सरोजिनी नायडूंचे वडील. रेल्वेच्या मालकीवरून संस्थानात झालेली ही जुनी चळवळ.

शेवटी निजाम सरकारने १९३० मध्ये ती विकत घेतली. म्हणजे संस्थानाने राष्ट्रीयीकरण केलं आणि तेही बार्शी लाईटच्या २४ वर्षं आधी. मनमाडहून येणारी आमची मीटरगेज त्याच घराण्यातली. १९५१ ला मध्य रेल्वे झाली तेव्हा तीही त्यात आली. सीनाकाठ, हे लक्षात घ्या की लातूर निजामाच्या हद्दीत होतं. १९११ ला बार्शी लाईट लातूरला पोचली ती परक्या संस्थानात पोचली. एका लातूरकरासाठी मुंबई ही बार्शी-कुर्डुवाडीच्या वाटेने आणि हैदराबाद दुसऱ्याच वाटेने. म्हणून लातूरचा व्यापार मुंबईला तोंड करून राहिला, राज्य हैदराबादचं असूनही. यात छोट्या गाडीचा हात आहे असं माझं ठाम मत आहे.

मांजराकाठ

गोदाकाठ, शंभर टक्के. आमच्या जुन्या वह्यांत मुंबईचे दलाल जितके आहेत त्याच्या दहाव्या हिश्श्यानेही हैदराबादचे नाहीत. आणि लातूर रोड स्टेशन बघा. नाव लातूरचं, स्टेशन लातूरपासून लांब, विकाराबाद-परळी मार्गावर. दोन्ही रूळ एकमेकांना भेटायला कित्येक वर्षं गेली.

आकाशकंदील

थोडं अवांतर. तो कॅलथ्रॉप पुढे पॅराशूट बनवायला लागला! रोल्स-रॉईसमधला चार्ल्स रोल्स हा त्याचा मित्र. १९१० मध्ये विमान कोसळून रोल्स गेला आणि कॅलथ्रॉपने वैमानिकांना वाचवणाऱ्या छत्रीचा ध्यास घेतला. 'गार्डियन एंजल' नावाने ती तयार केली. पहिल्या महायुद्धात हेर उतरवायला ती वापरली, पण लढाऊ वैमानिकांना मात्र दिली नाही. वरिष्ठांना वाटायचं की हाताशी छत्री असली की वैमानिक विमान वाचवायच्या ऐवजी उडी मारेल. किती पोरं हकनाक गेली असतील. कॅलथ्रॉप १९२७ मध्ये वारला, म्हणजे बार्शी लाईट मिरजेला पोचली त्याच वर्षी.

पेठेतला_प्रवासी

बार्शीच्या ज्वारीत काहीतरी होतं खरं!

मिरज_जंक्शन

मिरजेचा म्हणून दोन शब्द. १९७१ ला पुण्याहून ब्रॉडगेज आली तेव्हा मिरज हे तिन्ही रुंदीचे रूळ असलेलं जंक्शन झालं. बेळगावकडे मीटरगेज, पुण्याकडे ब्रॉडगेज, पंढरपूरकडे नॅरोगेज. बाहेरगावचा पाहुणा आला की आम्ही त्याला पुलावर नेऊन तिन्ही गाड्या दाखवायचो.

आता सीनाकाठ यांच्या मूळ प्रश्नावर. सरकारने घेऊन काय केलं, तर मी एकच तारीख सांगतो. १२ एप्रिल २०१६. लातूरला नळाला पाणी नव्हतं, आणि मिरजेहून पाण्याची गाडी लातूरला पोचली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, प्रत्येकीत पन्नास हजार लिटर, म्हणजे पाच लाख. नंतर पन्नास वाघिणींची गाडी, एका खेपेला पंचवीस लाख लिटर. आता मार्ग बघा: मिरज, कवठे महांकाळ, सांगोला, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर. हा अख्खा मार्ग बार्शी लाईटचा! एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. रूळ रुंद केले होते म्हणून हे झालं. ५ टनांच्या आसावर आणि ३० पौंडी रुळांवर पन्नास हजार लिटरची वाघीण चढलीच नसती.

त्या दिवसांत आम्ही मिरज यार्डात वाघिणी भरताना बघायला जायचो. आधी वाघिणी वाफेने धुऊन काढल्या होत्या. पाइप लावून एकेक वाघीण भरायची, तोंड बंद करायचं, पुढची. कृष्णेचं पाणी मांजरेच्या गावाला. असं रुंदीकरण कोणत्या खाजगी कंपनीने नफ्यासाठी केलं असतं, सांगा.

रूळमोजणी

मिरज_जंक्शन यांना दुजोरा. अजून एक तपशील: लातूर बाजूचं रुंदीकरण म्हणजे जुन्याच वाटेवर नवे रूळ एवढंच नव्हतं. जुनी छोटी गाडी येडशीहून धाराशिव शहराला न शिवता पुढे जायची. नवा मार्ग वळवून धाराशिवमधून नेला. जिल्ह्याचं ठिकाण रेल्वेवर आलं ते तेव्हा. कंपनीच्या हिशोबात ते वळण कधीच बसलं नसतं, कारण तिथे माल नव्हता, फक्त माणसं होती. येडशीजवळ रामलिंगच्या घाटात जुना मार्ग सुटला आहे, पूल अजून उभा आहे. पावसाळ्यात बघण्यासारखा.

बार्शीकर

रामलिंगला गेलात तर पुलावर चढू नका, पोरं सेल्फी काढतात ते बघून काळजाचा ठोका चुकतो. खालून बघा, जास्त चांगला दिसतो.

सीनाकाठ

सगळ्यांचे आभार. मिरज_जंक्शन यांच्या पाण्याच्या गाडीला माझ्याकडे उत्तर नाही आणि द्यायचंही नाही. ते खरं आहे.

तरी माझा मुद्दा मी सोडत नाही. १९५४ ला घेतली ती लोकांच्या पैशाने, लोकांसाठी. मग मांजराकाठ यांच्या आजोबांच्या पोत्यांना पडलेली भोकं आणखी पन्नास वर्षं का पडत राहिली? कंपनीला आपण विचारू शकत नव्हतो, तिचं उत्तर लंडनच्या भागधारकांना होतं. सरकारला विचारू शकत होतो. सोलापूर, उस्मानाबाद, लातूरचे किती खासदार दिल्लीत जाऊन आले, मोठमोठी पदं भूषवून आले. रुंदीकरण मात्र नव्या शतकात. राष्ट्रीयीकरणाने आपल्याला मालकी मिळाली, आणि ती मालकी आपण पुरेशी वापरली नाही, असं मी म्हणेन. तेच आता हरंगुळला डबे बनवण्याच्या कारखान्याबाबत होऊ नये. हरंगुळ हे बार्शी लाईटचं एक साधं स्टेशन होतं. तिथे कोणाला नोकऱ्या लागतात, लातूरची आयटीआयची पोरं आत जातात की गेटबाहेर राहतात, हे आपणच विचारत राहिलं पाहिजे.

कुर्डू_लोको

हरंगुळचं बरोबर. पण तोच प्रश्न कुर्डुवाडीलाही विचारा. छोटे रूळ गेले, वर्कशॉपला मोठ्या वाघिणींचं काम दिलं, पण जुन्या कारागिरांनंतर किती जागा भरल्या? आणि खासदारांना दोष देताना आमच्यासारख्यांनाही विचारा. रुंदीकरण म्हणजे वर्कशॉपचं काम जाणार, या भीतीने कुर्डुवाडीतही सगळेच काही रुंदीकरणाच्या बाजूने नव्हते.

मांजराकाठ

हे कोणी आजवर बोललं नव्हतं. कुर्डू_लोको, यावर सविस्तर लिहा. शक्य झालं तर युनियनच्या वरिष्ठतेच्या झगड्याचंही. मी आजोबांच्या बस्त्यातली तुटीची पत्रं स्कॅन करून इथेच टाकतो, १९५४ च्या आधीची आणि नंतरची वेगळी करून. तूट कमी झाली की वाढली ते वजनाच्या आकड्यांवरूनच बघू.

हिशेबनीस

पत्रं टाकाच. सोबत दर पोत्यामागचं भाडं लिहिलं असेल तर तेही. मग बोलू.